बारा कोयते

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, आमच्या दैनिकाच्या पहिल्या पानावर तळाशी एक बातमी छापून आली. शीर्षक होते : 'मुकादमाने जमवले बारा कोयते, परिसरात दहशत'. खाली मुकादमाचे पूर्ण नाव, वस्तीचे नाव आणि तालुका होता. मजकुराच्या वर 'आमच्या वार्ताहराकडून' असे होते. ती वार्ताहर मी.

मुकादमाचे नाव इथे देत नाही. ते एकदा छापून झाले आहे. माझ्या गावाचेही देत नाही. दिंद्रुडचा बाजार आणि धारूरचा घाट यांच्या मधले ते एक गाव आहे. मुकादमाची वस्ती गावाला लागून, ओढ्याच्या पलीकडे आहे. माझ्या घराच्या ओट्यावरून तिथल्या पत्र्यांची चमक दिसते.

सोमवारी दुपारी मी मोबाइलवरून जी बातमी पाठवली होती ती हंगामाची नेहमीची बातमी होती. दरवर्षी या दिवसांत ती जाते : कोणत्या गावातून किती कोयते निघाले, कुठल्या भागात गेले. मी लिहिले होते, 'वस्तीवरील मुकादमाने यंदा बारा कोयते जमवले असून त्यांची टोळी दिवाळीनंतर कर्नाटकातील साखर कारखान्याकडे रवाना होणार आहे.' त्यापुढे एक वाक्य होते. तोडीला जाणाऱ्यांच्या मागे राहणाऱ्या मुलांसाठीचे हंगामी वसतिगृह अजून सुरू झालेले नाही, असे ते वाक्य. माझ्या दृष्टीने बातमी त्या वाक्यात होती.

आमच्या जिल्ह्यात कोयता म्हणजे ऊस तोडायला जाणारी नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता. मुकादम, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा, कोयते जमवतो, एखाद्या वर्षी त्याचे कोयते फुटतात, म्हणजे दुसऱ्या मुकादमाकडे जातात. हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पण आमचे पान पुण्यात लागते. तिथे रात्रपाळीच्या उपसंपादकापुढे त्या दिवसांत रोज वेगळ्या कोयत्याच्या बातम्या येत होत्या : कोयता दाखवून लुटले, कोयते नाचवत गाड्या फोडल्या. त्याने माझी बातमी त्याच रांगेत लावली. 'कोयते', 'जमवले', 'टोळी', 'रवाना' हे चारही शब्द माझेच होते. 'दहशत' तेवढा त्याचा. वसतिगृहाचे वाक्य जागेअभावी गेले होते.

मी स्वतः शहरात काही वर्षे डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून लावण्याचे, काम केले आहे. लग्नानंतर गावी आले आणि वार्ताहर झाले. त्यामुळे हे कसे घडते ते मला ठाऊक होते. कोणी खोटे लिहायला बसत नाही. पान छपाईला सोडायची वेळ होते आणि एक शब्द ओळखीचा वाटतो.

अंकाचा गठ्ठा पहाटेच्या गाडीने येतो आणि मी तो स्टँडवरून घेते. त्या दिवशी मी स्टँडवर पोहोचले तेव्हा गठ्ठा सुटलेला होता आणि चहाच्या टपरीवर हसणे चालू होते.

"तुझ्याकडं किती कोयते हायेत बे?" टपरीवाला एकाला विचारत होता.

"दोन हायेत. एक नारळाचा, एक बायकूचा."

"मी तर अर्धाच कोयता हाय," एक बिनलग्नाचा म्हणाला. "मला अर्धीच शिक्षा होईल न्हवं?"

मला पाहून टपरीवाला म्हणाला, "वैनी, पुन्याच्या लोकायला सांगा, आमच्या गावात दोनशे कोयते हायेत. सगळे रेशन कार्डावर हायेत."

सगळे हसले. मीही हसले. माझे यजमान स्टँडवरच खते-बियाण्यांचे दुकान चालवतात. ते शटर उघडत होते. त्यांनी अंक घेतला, उभ्या उभ्या वाचला आणि घडी करून गल्ल्याखाली ठेवला. ते हसले नाहीत. म्हणाले, "ह्ये वर गेलं तर?"

दुपारपर्यंत ते वर गेले होते. बातमी संकेतस्थळावर चढली होती आणि तिथे तिला छायाचित्र जोडले होते : टेबलावर ओळीने मांडलेली धारदार हत्यारे, मागे उभे पोलीस. छायाचित्र दुसऱ्या शहरातले, जुने होते. तसे खाली कुठे लिहिलेले नव्हते. गावातल्या प्रत्येक ग्रुपवर ते फिरले. गावातल्या माणसांनी त्यावर हसण्याच्या खुणा टाकल्या. पण ते गावाबाहेरही फिरत होते.

चारच्या सुमारास पोलिसांची गाडी वस्तीकडे गेली. परत आली तेव्हा मागच्या बाकावर मुकादम बसलेला होता आणि गाडीत कोयते होते. खरे, लोखंडाचे, ऊस तोडायचे. ऊस तोडणाऱ्यांच्या घरात ते असणारच होते. बातमीत नव्हते, पण घरात होते.

मी ठाण्यात गेले. बातमी देणारी म्हणून जायला हवे होते. आत पाऊल टाकल्यावर आपण कोण म्हणून आलो आहोत ते मला नीट सांगता आले नसते. मुकादम भिंतीलगतच्या बाकावर बसला होता. पन्नाशीचा, आडव्या बांध्याचा माणूस. धोतर, पांढरा सदरा, गळ्यात माळ. त्याने माझ्याकडे पाहिले आणि मान वळवली नाही. जमादार मला बाहेर व्हरांड्यात घेऊन आले.

"मॅडम, आमाला म्हाईत न्हाई का कोयता म्हंजी काय?" ते हळू आवाजात म्हणाले. "माझा बाप तोडीला जायचा. पर वरून फोन हाय. बातमी आली, कारवाई काय केली, विचारत्यात. मी काय सांगू, बातमी चुकलीय? लिहून देता का तुमी?"

मी म्हणाले, "पेपर देईल."

"मंग पेपरानं दिलं की बघू."

मुकादमाला अंधार पडायच्या आत सोडले. कोयते ठेवून घेतले. गुन्हा दाखल झाला नाही.

बुधवारी पहिल्या पानावर, त्याच जागी, दुसरी बातमी आली. शीर्षक होते : 'आमच्या वृत्ताची दखल, मुकादमाच्या वस्तीवरून कोयते जप्त'. ती मी पाठवलेली नव्हती. पोलिसांच्या दैनंदिन पत्रकावरून ती डेस्कने केली होती. तीत चुकीची अशी एकही ओळ नव्हती. कोयते जप्त झाले होते. आमच्या वृत्तानंतरच झाले होते.

त्या सकाळी टपरीवर कोणी हसले नाही.

मी डेस्कला फोन केला. उपसंपादक मुलगा नवा होता, बोलायला चांगला होता. मी त्याला शब्दाचा अर्थ सांगितला.

"मॅडम, म्हणजे बारा जोडपी?"

"हो."

"मग जोडपी लिहायचं ना."

मी म्हणाले की इथे कोणी तसे लिहीत नाही. तो म्हणाला, "पण आता कोयते सापडलेत ना तिथं?" मग त्याने फोन वृत्तसंपादकांकडे दिला. ते म्हणाले, विधी विभागाला विचारून सांगतो. तोवर कोणाशी काही बोलू नका.

मुकादम गुरुवारी तिन्हीसांजेला घरी आला. यजमान दुकानात होते. ओढ्यावरून जीप चढताना मला खिडकीतून दिसली आणि मी दाराला आतून कडी लावली. जीप फाटकाशी थांबली. दोन माणसे गाडीपाशी उभी राहिली. तो एकटा आत आला आणि ओट्याच्या कडेला बसला. खुर्ची होती, तिच्यावर बसला नाही.

मुकादम म्हणजे काय हे मला माहीत होते. टोळीतून पळालेल्या जोडप्याला परत आणताना काय होते, याच्या बातम्या मी दिल्या होत्या. याच्याबद्दलच्या नव्हे, इतरांबद्दलच्या. याच्याविरुद्ध तसे काही कधी कानावर आले नव्हते. कडी काढताना एवढीच माहिती माझ्याजवळ होती.

"दार कावून लावलं, वैनी?"

"वारं होतं."

"वारं," तो म्हणाला. अंगणातल्या लिंबाचे पान हलत नव्हते. त्याने सदऱ्याच्या खिशातून अंक काढून ओट्यावर पसरला. "ह्ये तुमी लिवलं?"

"अर्धं."

"कोनतं अर्धं?"

मी बोट ठेवून दाखवले. तो अक्षर अक्षर लावून वाचत गेला.

"बारा कोयते जमवले. ह्ये खरं हाय. जमवलेच. टोळी, ह्ये बी खरं. दहशत. ही कुटली?"

"ती पुण्याची."

जीपपाशी उभ्या असलेल्यांपैकी एकजण फिसकन हसला. "मंग द्या की परत पुन्याला पाठवून."

मुकादमाने त्याच्याकडे पाहिले.

"मला पैका नगं," मुकादम म्हणाला. "जिथं छापलं तिथंच छापा. याच जाग्यावर, येवढ्याच अक्षरात. कोयता म्हंजी जोडपं. बस. टोळी निघायच्या आत छापा. कारखान्याचा मानूस रोज फोन करतोय. म्हनतो, तुमच्या नावावर पोलिसाचं काय हाय ते निस्तरा, न्हाईतर दुसरी टोळी बघतो. बाया भेल्यात. म्हनत्यात, वाटंत गाडी आडवली, कोयते निघाले, तर आमचं लेकरू कुनाच्या दारात ठिवायचं?"

मी म्हणाले की मी कार्यालयाशी बोलले आहे.

"काय म्हनलं कार्यालय?"

"विचारून सांगतो म्हणाले."

त्याने अंकाची घडी केली. मग म्हणाला, "तालुक्याला तुमच्या लोकायनी निवेदन दिलतं. अब्रूचं कलम काढून टाका म्हून. त्याच्यावर तुमची सही होती म्हनं."

सही होती. रस्त्याच्या कामाची बातमी दिली म्हणून एका पुढाऱ्याने आमच्यातल्या एका वार्ताहरावर बदनामीची फौजदारी फिर्याद केली होती. बातमी खरी होती. तारखांना जाऊन जाऊन त्याने पेपर सोडला आणि मोबाइल दुरुस्तीचे दुकान टाकले. त्यानंतर आम्ही निवेदन दिले होते. बदनामी हा गुन्हा राहू नये, ती दिवाणी बाब असावी, असे त्यात लिहिले होते. ते मीच लिहिले होते. दंड संहितेच्या जागी आलेल्या नव्या संहितेतही ते कलम राहिले. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. समाजसेवेची शिक्षा तेवढी नवी आली.

"हो, होती," मी म्हणाले.

"कलम न्हाई म्हनल्यावर मी जायचं कुटं, ते लिवलंतं का त्याच्यात?"

लिहिलेले नव्हते.

तो उठला. अंक तिथेच ठेवला. फाटकापाशी वळून म्हणाला, "तुमी मला भेता, ते दिसतंय. मी बी तुमाला भेतो. तुमी चार वळी लिवल्या की पोलिस येतो. आन भेलेला मानूस काय करंल त्येचा नेम न्हाई, वैनी. मी माझंच सांगतोय."

ते वाक्य धमकी होते की नाही, हे मला त्या दिवशी ठरवता आले नाही. यजमान घरी आल्यावर मी ते त्यांना जसेच्या तसे सांगितले. त्यांनी ते दोनदा म्हणायला लावले. दुसऱ्यांदा ते जास्त वाईट वाटले. रात्री वृत्तसंपादकांनाही मी ते फोनवर तसेच सांगितले.

पेपरच्या वकिलांचा फोन शुक्रवारी आला. बाई होत्या, मोजके बोलत होत्या. दुरुस्ती छापणे म्हणजे चूक लेखी कबूल करणे, असे त्या म्हणाल्या. उद्या फिर्याद झाली तर ती दुरुस्ती पहिला पुरावा होईल. शिवाय जप्ती झालेलीच आहे, त्यामुळे 'बातमीत तथ्य होते' असे म्हणायला जागा आहे. दुरुस्ती ठरावीक मुदतीत, त्याच जागी, तेवढ्याच आकारात छापा, असे बांधून घालणारा कायदा आपल्याकडे नाही. वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी परिषद दिल्लीत आहे. ती ताशेरे ओढते, त्यापुढे तिचा हात जात नाही. हे सगळे त्यांनी मला धीर देण्यासाठी सांगितले.

मी विचारले, "आणि फिर्याद झालीच तर आरोपी कोण?"

"संपादक, मुद्रक, प्रकाशक," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही. मजकूर तुम्ही पाठवलेला आहे." मग म्हणाल्या, "तुमची मूळ प्रत जपून ठेवा. पण ती आपण कोर्टात दाखवायची की नाही हे नंतर ठरवू. ती दाखवली तर पेपरची अडचण होते."

पुढचे दिवस कसे गेले ते नेमके सांगता येणे कठीण आहे, कारण त्यात काही घडले नाही. पहाटे गठ्ठा आणायला जाताना एक मोटारसायकल माझ्या मागून चालत राहायची आणि पुढे जायची नाही. स्टँडवर पोहोचल्यावर कळायचे की तो दूधवाला आहे आणि त्याच्या किटल्या भरलेल्या आहेत. दुसऱ्या दिवशी हे माहीत असूनही मी मागे वळून पाहिले. दुकानात वस्तीवरचे गिऱ्हाईक येईना. यजमान दिवे लागायच्या आत शटर ओढू लागले. रोज सकाळी मी अंक उघडून पहिल्या पानाचा तळ बघायची. तिथे दुरुस्ती नसायची. मग शेवटच्या पानाचा तळ बघायची, जिथे बारीक अक्षरात छापलेले असते की अंकातील मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही.

लक्ष्मीपूजन पार पडले. पाडव्याच्या सकाळी मी अंगण झाडत होते. तुळशीकट्ट्याच्या मागे, कट्टा आणि भिंत यांच्या फटीत, कागदात गुंडाळलेले काहीतरी उभे केलेले होते. ओढून काढले. कागद आमच्याच अंकाचे पहिले पान होते. ते मंगळवारचे होते. आत कोयता होता.

मी तो पुन्हा गुंडाळला, जिथल्या तिथे ठेवला आणि घरात जाऊन दार लावले. यजमानांना हाक मारली. ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता ठाण्यात जाऊ. मी म्हणाले, आधी कार्यालयाला कळवते. हा क्रम का सुचला ते सांगता येत नाही. शहरातून आलेली सवय असावी.

वृत्तसंपादकांनी सगळे ऐकून घेतले.

"तुम्ही ठीक आहात ना?"

"हो."

"कोयता कुठे होता? घराबाहेर?"

"अंगणात. आमच्याच पानात गुंडाळलेला."

"मुकादम आधी घरी आला होता, बरोबर? भेलेला माणूस काय करील नेम नाही, असं म्हणाला होता?"

"हो, पण..."

"ठीक आहे. तुम्ही काही लिहू नका. सांभाळून राहा. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत."

मी फोन ठेवला. यजमान चपला घालून उभे होते. एवढ्यात फाटकाची कडी वाजली.

वस्तीवरची एक बाई होती. मुकादमाच्या बारा कोयत्यांपैकी एका कोयत्यातली. तिला मी चेहऱ्याने ओळखत होते; मागच्या वर्षी तिची मुलगी वसतिगृहात होती, त्या बातमीसाठी मी तिच्याशी बोलले होते. ती आत आली, इकडे तिकडे पाहिले आणि सरळ तुळशीकट्ट्याच्या मागे गेली.

"हाय का जाग्यावर?" असे म्हणत तिने पुडके काढले. मग माझ्याकडे पाहून ती थांबली. "काय झालं, वैनी? पांढऱ्याफटक पडल्या तुमी."

मी विचारले, "हा तू ठेवलास?"

"राती. झडतीत ह्यो येकच वाचला. कडब्यात खुपसलता. आमचे ह्ये म्हनले, पोलिस परत येतील. मी म्हनलं, वैनीच्या घरी ठिवू. पेपरवालीच्या घरी कोन झडती घेतंय? तुमाला सांगनार व्हते, पर दिवा इझला व्हता, दार वाजवून कावून घाबरवायचं."

"आणि हा कागद?"

"धार लागू न्हाई कुनाला म्हून. कोनता हाय?" तिने कागद उलटा धरला होता.

यजमान पायरीवर बसले. तिने कोयता कागदातून काढून पाहिला. मुठीला जुन्या लुगड्याच्या चिंध्या घट्ट गुंडाळलेल्या होत्या, घामाने काळ्या पडलेल्या. तोडीच्या कोयत्याची मूठ अशीच असते. मघाशी तो माझ्या हातात होता तेव्हाही ती तशीच होती.

"परवा गाड्या हायत," ती म्हणाली. "मुकादम म्हनतो, कारखान्यानं व्हय म्हनलंय. जमादारानं बी सांगितलंय, जाता जाता बाकीचे कोयते घिऊन जा."

तिला थांबायला सांगून मी आत गेले आणि कार्यालयाला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. वृत्तसंपादक बैठकीत होते. उपसंपादक मुलाने उचलला.

"थांबवा," मी म्हणाले. "तो कोयता ठेवायला दिलेला होता. धमकी नाही."

"मॅडम, छापील अंकाला अजून वेळ आहे."

"मग ठीक आहे."

"पण वेबवर गेलीय," तो म्हणाला. "तुमचा फोन झाल्यावर लगेच."

शीर्षक होते : 'आमच्या वार्ताहराच्या घरी कोयता, मुकादमाची धमकी?' प्रश्नचिन्ह विधी विभागाच्या सूचनेवरून घातले होते, असे मला नंतर कळले. मजकुरात माझ्या तोंडचे एक वाक्य अवतरणात होते : 'आमच्याच पानात गुंडाळलेला.' मी ते उच्चारले होते. मुकादमाचे वाक्यही होते, 'मी माझंच सांगतोय' एवढे सोडून.

बातमी त्याच दिवशी संध्याकाळी उतरवण्यात आली. छापील अंकात ती आली नाही. दरम्यान ती फिरली होती. ज्याच्यापर्यंत पोहोचायला नको होती त्या कारखान्याच्या माणसापर्यंतही ती पोहोचली होती. हे मला टपरीवाल्याने सांगितले. त्याने मला वैनी म्हटले नाही. "मॅडम," म्हणाला, "मुकादमाच्या गाड्या क्यान्सल झाल्या. कारखान्यानं दुसरी टोळी घेतली."

पाडव्याच्याच दुपारी मी ठाण्यात जाऊन कोयता कोणी आणि का ठेवला ते लेखी दिले. जमादारांनी ते वाचले आणि विचारले, "ह्येच पेपरात देता का?" मी म्हणाले, माझ्या हातात नाही. त्यांनी कागद घेतला आणि पोच दिली.

मुकादमाचे कोयते फुटले. बहुतेक शेजारच्या गावच्या मुकादमाकडे गेले, दोन जोडपी मागे राहिली. त्या मुकादमाचा ट्रक निघाला तेव्हा मी स्टँडवर होते. मुकादम नेहमी केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या शेजारी बसतो. आमच्या वस्तीचा मुकादम मात्र मागे होता, भांडीकुंडी, कडब्याच्या पेंढ्या आणि शेळ्या यांच्यावर, बायकोच्या शेजारी. बायकोच्या मांडीवर पत्र्याची चूल होती. ट्रक वळताना तो माझ्या डोक्याच्या वर आला.

"येतो, वैनी," तो म्हणाला.

मी मान हलवली. त्याला दिसले की नाही ते माहीत नाही.

कारखाने सुरू झाल्यानंतरच्या आठवड्यात आमच्या दैनिकात आतल्या पानावर, निविदा सूचनांच्या खाली, 'स्पष्टीकरण' या मथळ्याचा मजकूर आला. 'अलीकडे प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तातील एका शब्दाच्या स्थानिक अर्थामुळे गैरसमज झाला असल्यास आम्ही दिलगीर आहोत.' मुकादमाचे नाव त्यात नव्हते. तो शब्द कोणता, तेही नव्हते.

न्यायालयाची नोटीस मला त्याच महिन्यात मिळाली. मुकादमाने गाव सोडण्याआधी फिर्याद दाखल केली होती. तिला तीन बातम्या जोडल्या होत्या. तिसरी, उतरवलेली, मोबाइलवरून छापून घेतलेली होती. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेप्रमाणे फिर्यादीची दखल घेण्याआधी आरोपीचे म्हणणे ऐकले जाते, त्यासाठी ती नोटीस होती. पेपरच्या वकील बाईंनी सांगितले की मी वेगळा वकील करावा. माझे आणि पेपरचे म्हणणे एकच असेल असे नाही.

तारखेच्या दिवशी यजमानांनी दुकान बंद ठेवले आणि माझ्याबरोबर आले. तालुक्याच्या न्यायालयाच्या व्हरांड्यात आम्ही भिंतीला टेकून उभे होतो. तिथे ओळखीचे बरेच जण भेटले. कोणी काही विचारले नाही. माझ्या पिशवीत मूळ बातमीची छापील प्रत होती. ती देऊ नये, असा पेपरचा निरोप सकाळी आला होता. पुकारा झाला तेव्हा प्रत पिशवीतून काढली. मी ती माझ्या वकिलाकडे दिली.

फिर्यादी गैरहजर होता. त्याच्या वकिलाने गैरहजेरी माफीचा अर्ज दिला. त्यात लिहिले होते की अर्जदार हा पत्नीसह एक कोयता म्हणून ऊसतोडीसाठी परराज्यात गेलेला असल्याने हजर राहू शकत नाही.

न्यायाधीश विदर्भातून बदलून आलेले होते. अर्जावरून मान वर करून त्यांनी विचारले, "कोयता म्हणून म्हणजे?"

"जोडपं, साहेब," खालच्या टेबलावरचा कारकून म्हणाला.

न्यायाधीशांनी पेन घेतले आणि अर्जावर त्या शब्दाच्या वर काहीतरी लिहिले. मग माझ्या वकिलाने दिलेली प्रत त्यांनी मागून घेतली आणि ती प्रकरणात दाखल करून घेतली.

अर्ज मंजूर झाला. पुढची तारीख हंगाम संपल्यानंतरची आहे.